केसपेपर आधी, कोड नंतर: कोकणातून मेडिकल कोडिंग शिकायला निघालेल्यांसाठी

मेडिकल कोडिंगची चौकशी करणारी मुलं-मुली पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात, की किती कोड पाठ करावे लागतात? एकही नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आजारांच्या यादीतच ७०,००० हून जास्त कोड आहेत, आणि ती यादी दरवर्षी बदलते. पाठांतराच्या जोरावर हे काम कुणी करत नाही. डॉक्टरांनी लिहिलेला कागद शांतपणे वाचायचा, त्यातलं काय पक्कं निदान आहे आणि काय नुसता संशय आहे ते वेगळं काढायचं, मग पुस्तकात त्याची जागा शोधायची, एवढं काम. यातला कागद वाचण्याचा भाग अवघड. म्हणून मी नेहमी सांगतो, आधी केसपेपर वाचायला शिका.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना एक गोष्ट फायद्याची आहे. पावसाळ्यातला ताप, सापाचे चावे, झाडावरून पडणं, होडीवरचे अपघात, घरोघरी साखर आणि बीपी, हे सगळं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्याच उदाहरणांवर इथे शिकू.

दोन वाटा आहेत, आधी ओळखून घ्या

‘मेडिकल कोडिंग’ या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक आपल्या इथलं: रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात (सगळे त्याला एमआरडी म्हणतात) डिस्चार्ज झालेल्या पेशंटचे पेपर लावणं, त्यांना आयसीडी-१० चे कोड देणं, विम्याच्या क्लेम फॉर्मचा रुग्णालयाने भरायचा भाग पुरा करणं, जन्म-मृत्यूची कागदपत्रं पाठवणं. दुसरं परदेशातलं: अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं निघावीत म्हणून इथे बसून त्यांचे पेपर कोड करणं. नवी मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नईतल्या कंपन्या ज्या जाहिराती देतात त्या या दुसऱ्या कामाच्या. पगाराची आशा तिथे जास्त, म्हणून क्लासवालेही तेच शिकवतात.

पाया मात्र दोन्हीकडे एकच. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, म्हणजे आयसीडी. त्याचं मूळ १८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियोंने मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण आपल्या क्लेम फॉर्मवर अजून ‘आयसीडी १०’ हेच छापलेलं असतं. तेव्हा सुरुवात दहावरूनच करा, अकराची तोंडओळख नंतर.

पुस्तकाची रचना

आयसीडी-१० चे तीन खंड आहेत. पहिल्यात कोडची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अकारविल्हे सूची. एकूण २२ प्रकरणं. प्रत्येक कोड एका रोमन अक्षराने सुरू होतो. या लेखात ती अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत, म्हणजे ‘ए’ हे रोमन वर्णमालेतलं पहिलं अक्षर आणि ‘ई’ पाचवं. ए आणि बी संसर्गजन्य आजार, सी गाठी आणि कर्करोग, ई मधुमेह-थायरॉइड, आय हृदय आणि रक्ताभिसरण, जे श्वसन, के पचनसंस्था, ओ बाळंतपण, एस आणि टी इजा व विषबाधा, व्ही ते वाय इजा कशामुळे झाली ते. आर हे प्रकरण लक्षणांचं: ताप, कावीळ, छातीत दुखणं. निदान लागलंच नाही तरच तिकडे जायचं.

कोड वाचण्याची रीत सोपी आहे. पहिली तीन अक्षरं म्हणजे गाव, टिंबानंतरचा आकडा म्हणजे वाडी. ई११ म्हटलं की टाइप २ मधुमेह, ई११.२ म्हटलं की त्यात मूत्रपिंडाची गुंतागुंत, ई११.९ म्हणजे गुंतागुंत नाही. नुसत्या गावाच्या नावावर पत्र पोचत नाही, तसंच जिथे चौथा आकडा आहे तिथे तीन अक्षरांवर थांबता येत नाही. उलट आय१० या साध्या उच्च रक्तदाबाच्या कोडला चौथा आकडा नाहीच, तिथे आपल्या मनाने तो जोडायचा नाही. आणि या कोडमधलं पहिलं अक्षर हा ‘आय’ आहे, ‘एक’ नव्हे. डेटा एंट्रीत ही गफलत रोज होते. अकराव्या आवृत्तीत ‘आय’ आणि ‘ओ’ ही दोन्ही अक्षरं कोडमधून काढूनच टाकली, ती याच घोळामुळे.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. आधी सूचीत शोधा, मग यादीत खात्री करा. सूचीत मिळालेला कोड तसाच उचलून लिहिला, की चूक ठरलेली. पहिल्या खंडात त्या कोडखाली ‘यात हे धरलेलं आहे’ आणि ‘हे इथे नको, तिकडे जा’ अशा सूचना असतात. त्या वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवशिके हीच पायरी गाळतात, कारण संगणकावर शोधपेटीत शब्द टाकला की कोड समोर येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर आयसीडी-१० पूर्ण वाचायला मिळतो, फुकट. शिकण्यासाठी त्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. कुठल्याही क्लासला पैसे भरण्याआधी महिनाभर एवढं तरी करून बघा. ज्याला यात कंटाळा येतो त्याला नोकरीतही येणार, कारण नोकरीत हेच दिवसभर करायचं आहे.

पहिला सराव: लावणीनंतरचा ताप

समजा जुलैमधला पेशंट आहे. लावणीला गेलेला, पाच दिवस ताप, डोळे पिवळे, लघवी कमी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन पुढे पाठवलेला. रक्ताच्या तपासणीत लेप्टोस्पायरोसिसची (बोलताना ‘लेप्टो’) आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह. डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांचं अंतिम निदान: लेप्टोस्पायरोसिस, अक्यूट किडनी इंज्युरी, जुना टाइप २ मधुमेह, गुंतागुंत नाही, जुना रक्तदाब.

कोड असे: मुख्य आजार ए२७.९, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, प्रकार नमूद नाही. मग एन१७.९ मूत्रपिंडासाठी, ई११.९, आय१०. ताप आणि कावीळ वेगळी लिहायची नाही, ती लेप्टोचीच लक्षणं आहेत.

इथे हुशार विद्यार्थी हमखास फसतो. कावीळ आहे, मूत्रपिंड बिघडलंय, म्हणजे हा वील्स डिसीज (लेप्टोचा गंभीर प्रकार), आणि त्याला तर ए२७.० हा स्वतंत्र कोड आहे! वैद्यकीय ज्ञान म्हणून विचार बरोबर असेलही. पण डॉक्टरांनी ‘वील्स’ लिहिलेलं नाही. कोड करणाऱ्याने निदान करायचं नसतं. शंका असेल तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, याला क्वेरी म्हणतात. तीही ‘हा वील्स आहे ना?’ अशी नाही. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारणं चूक धरतात. ‘लेप्टोस्पायरोसिसचा प्रकार नोंदवता येईल का?’ एवढंच.

तसंच औषधावरून निदान धरायचं नाही. पावसाळ्यात डॉक्सीसायक्लिन कितीतरी जणांना खबरदारी म्हणून दिलं जातं. लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे पण डॉक्टरांनी निदानात लेप्टोचा उल्लेखच केलेला नाही, अशीही केस येते. तिथेही आपण लेप्टो लिहायचा नाही, क्वेरी करायची.

आणखी एक: आवृत्ती बघा. डेंग्यू जुन्या पुस्तकात ए९० आणि ए९१ खाली होता. जागतिक आवृत्तीत तो आता ए९७ खाली आहे, अमेरिकन आवृत्तीत मात्र जुनाच ए९०. कुणीतरी दिलेल्या जुन्या पीडीएफवरून अभ्यास केला तर असे घोटाळे होतात. मलेरियात तर रिपोर्ट नीट वाचण्याला फारच महत्त्व आहे: फाल्सिपेरम असेल तर बी५०, व्हायव्हॅक्स असेल तर बी५१, आणि प्रकार कळलाच नाही तर बी५४. सगळ्यांना बी५४ देऊन मोकळं होणारे लोक मी पाहिले आहेत. कोड ‘चुकीचा’ नसतो, निरुपयोगी असतो.

निरुपयोगी का, तर त्याच कोडांच्या बेरजेतून जिल्ह्याचं चित्र तयार होतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडताप आढळू लागला. त्याचा कोड ए९८.२, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तो जर आर५०.९ मध्ये, म्हणजे ‘नुसता ताप’ या ढिगात गेला, तर कागदावर त्या तालुक्यात माकडताप नाहीच.

दुसरा सराव: माडावरून पडलेला

इजेच्या केसला किमान दोन कोड लागतात. काय झालं त्याचा एक, आणि कशामुळे झालं त्याचा दुसरा. नारळ पाडताना माडावरून पडून डावं मनगट मोडलं: हाडाचा कोड एस५२.५, रेडियस या हाताच्या हाडाचं मनगटाकडचं टोक. कारणाचा कोड डब्ल्यू१४, झाडावरून पडणं. माड, सुपारी, आंबा, सगळी झाडं त्यातच.

जागतिक आवृत्तीत कारणाच्या कोडला चौथा आकडा जागेचा असतो. .० म्हणजे घर आणि त्याचा परिसर, .४ रस्ता, .७ शेत. मग प्रश्न येतो, माड परड्यातला की बागेतला? परडं घराच्या आवारात मोडतं, म्हणून डब्ल्यू१४.०. दूरच्या बागेतला असेल तर डब्ल्यू१४.७. केसपेपरवर ‘माडावरून पडला’ एवढंच असेल तर .९, जागा नमूद नाही. आपल्याला त्या माणसाची बाग कुठे आहे हे गावचे म्हणून ठाऊक असलं तरीसुद्धा .९ च. कागदावर नाही ते नाही.

हीच केस अमेरिकन आवृत्तीत कशी दिसते ते बघा, म्हणजे दोन वाटांमधला फरक कळेल. तिथे एस५२.५०२ए. सहावा आकडा २ म्हणजे डावी बाजू. शेवटचं ए म्हणजे सध्या मुख्य उपचार चालू आहेत आणि हाड त्वचेबाहेर आलेलं नाही. तोच माणूस प्लास्टर बघायला परत आला आणि हाड नीट जुळत असेल तर ए च्या जागी डी. कारणाचा कोड डब्ल्यू१४.एक्सएक्सएक्सए: मधल्या रिकाम्या घरांत एक्स भरायचा, कारण सातवं अक्षर सातव्याच जागी बसलं पाहिजे. डावं-उजवं न लिहिणारा डॉक्टर इकडे खपून जातो. तिकडे त्याच्या बिलाला अडचण येते.

चावे

कोकणात कोडिंग शिकताना विषबाधेचं टी६३ हे पान वारंवार उघडावं लागतं. साप टी६३.०, विंचू टी६३.२, जेलीफिशसारखे समुद्रातले जीव टी६३.६. कारणासाठी जागतिक आवृत्तीत अनुक्रमे एक्स२०, एक्स२२, एक्स२६. फुरसं, घोणस, मण्यार, नाग यांना वेगवेगळे आकडे जागतिक यादीत नाहीत, सगळे टी६३.० मध्ये. तरी पेपरवर सापाचं नाव असेल तर नोंदीत शब्दात ठेवावं असं माझं मत आहे.

अडचण येते ती ‘जनावर चावलं’ या इतिहासाची. नातेवाईक एवढंच सांगतात, ड्यूटीवरचे डॉक्टर ‘अननोन बाइट’ लिहितात. विषबाधेची लक्षणं आहेत पण प्राणी कळला नाही, तर टी६३.९ आणि एक्स२९. सापच होता पण बिनविषारी, असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर टी६३ अजिबात नाही. जखमेचा कोड आणि सोबत डब्ल्यू५९. आणि पेशंटला चोवीस तास ठेवून घेतलं, काही झालं नाही, सोडून दिलं, तर डॉक्टरांनी शेवटी काय लिहिलंय तेच बघायचं. भरती कागदावरचं पहिलं निदान आणि डिस्चार्जचं निदान यात फरक असतो, आणि कोड डिस्चार्जच्या निदानाचा.

या बारकाव्यांना या किनाऱ्यावर परंपरा आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तो पेशंटमागून पेशंटच्या काटेकोर नोंदी ठेवून. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्यात म्हटलं आहे. निम्मे म्हणजे किती, हे मोजणार कशावरून? एमआरडीतल्या या आकड्यांवरूनच.

मृत्यूचं कारण

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ मध्ये कारण लिहितात, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४ए. पहिल्या भागात ओळीने साखळी असते: वर तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. आकडेवारीत मोजलं जातं ते साखळीच्या मुळाशी असलेलं कारण.

कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट एवढंच लिहिलेला फॉर्म तुमच्या हातात येईल. मरताना हृदय आणि श्वास सगळ्यांचाच थांबतो. ते कारण नव्हे. नीट भरलेला फॉर्म असा: श्वसन बंद पडणं, ते स्नायूंच्या लकव्यामुळे, तो मण्यारीच्या दंशामुळे. इजा-विषबाधेच्या मृत्यूत मूळ कारण म्हणून एक्स२० सारखा बाह्य कारणाचा कोड जातो, टी६३.० त्याच्या जोडीला.

योजना, पॅकेज आणि बाकीची नावं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, यांत उपचारांचे पॅकेज कोड असतात. तो दर ठरवण्याचा आकडा. आयसीडी आजार सांगतो. दोन्ही एकाच पोर्टलवर भरायचे असले तरी मिसळू नका. जवळच्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणारा रुग्णालयातला माणूस) अर्धा तास बसलात तर पूर्वमंजुरीचं काम कसं चालतं ते प्रत्यक्ष कळेल.

स्नोमेड-सीटी आणि लॉइंक ही नावंही कानावर येतील. पहिली वैद्यकीय संज्ञांची यादी, दुसरी तपासण्यांची. स्नोमेडचं भारतातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र बघतं आणि भारतात ती वापरायला फी नाही. सुरुवातीला एवढं माहीत असलं तरी चालेल.

अमेरिकन कामासाठी काय वाढवायचं

तिथे आजारांसाठी आयसीडी-१०-सीएम (१ ऑक्टोबर २०१५ पासून), डॉक्टरांच्या कामासाठी पाच आकडी सीपीटी, साहित्य आणि इतर सेवांसाठी एचसीपीसीएस, आणि भरती पेशंटवरच्या शस्त्रक्रियांसाठी सात अक्षरी आयसीडी-१०-पीसीएस. सीएमची यादी आणि नियमपुस्तिका अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सीपीटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीची, ती विकतच घ्यावी लागते. टेलिग्रामवरच्या चोरीच्या प्रतीत कुठल्या वर्षाचे कोड आहेत याचा भरवसा नाही.

नियमपुस्तिका शंभरहून थोडी जास्त पानांची आहे, इंग्रजी कोरडी आहे, आणि ती वाचावीच लागते. त्यातला एक नियम मुलाखतीत हमखास विचारतात. ओपीडीच्या पेपरवर ‘संशयित न्यूमोनिया’ लिहिलं असेल तर न्यूमोनियाचा कोड द्यायचा नाही, खोकला-ताप जे लक्षण पक्कं आहे त्याचा द्यायचा. भरती पेशंट असेल आणि डिस्चार्जलाही ‘संशयित’च राहिलं असेल, तर मात्र तो आजार आहे असं धरून कोड करायचा. उलटसुलट वाटतं, पण नियम तसा आहे.

क्लास, परीक्षा, नोकरी

कंपन्या बहुधा जीवशास्त्राची पार्श्वभूमी मागतात: बीएस्सी, फार्मसी, नर्सिंग, डीएमएलटी, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ. कॉमर्सवाल्यांना दार बंद आहे असं नाही, पण शरीररचना आणि वैद्यकीय शब्द आधी पक्के करावे लागतात. ‘आयटिस’ म्हणजे सूज, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड तयार करणं. असे साठ-सत्तर तुकडे कळले की अर्ध्याहून जास्त निदानं न घाबरता वाचता येतात.

एएपीसी या अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा सगळ्यात ओळखीची. १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास, आणि कोडची पुस्तकं उघडून देता येते. म्हणजे वेळ जातो तो शोधण्यात. पुस्तकात खुणा कुठे कराव्या हे ज्याला कळलं तो सुटला. अनुभव नसलेल्याला पास झाल्यावर सीपीसी-ए मिळतं, अनुभव दाखवल्यावर मागचं ‘ए’ जातं. फी डॉलरमध्ये असते, म्हणून आधी चालू दर बघा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणून पैसे मागणाऱ्या क्लासला एकच विचारा: तुम्ही सरावाला किती पूर्ण चार्ट, म्हणजे पेशंटचे सगळे कागद, देता? नुसत्या कोडच्या याद्या देणारा क्लास नको.

घरून काम मिळतं का, हे गावाकडे सगळे विचारतात. नवख्याला सहसा नाही. आधी ऑफिसात बसवून शिकवतात, रोजचे ठरलेले चार्ट आणि बहुतेक ठिकाणी ९५ टक्के अचूकता जमली की मग पुढची बोलणी. कोडिंग बहुधा दिवसाच्या पाळीत चालतं. रात्रपाळी असते ती विमा कंपन्यांना फोन करण्याच्या कामात. जाहिरात नीट वाचा, दोन्हींना लोक ‘मेडिकल बिलिंग’च म्हणतात. घरून करायची वेळ आली तर फायबर आणि इन्व्हर्टर आधी, कारण जून ते सप्टेंबर लाइटचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको.

हल्ली संगणकच कोड सुचवतो. त्यामुळे नवीन मुलांना सुचवलेला कोड बरोबर आहे का हे तपासण्याचं काम जास्त येतं. त्यासाठीही केसपेपर वाचता यायला लागतो.

गुप्तता

अमेरिकेत १९९६ चा हिपा कायदा, आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. प्रत्यक्षात नियम साधा: केसपेपरचा फोटो मोबाइलवर काढायचा नाही, ‘हा कोड काय येईल?’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा तर नाहीच. नाव खोडलं म्हणजे झालं असं समजू नका. लहान गावात ‘माडावरून पडलेला, वय ५२’ एवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत स्टँडवर त्याचं नाव माहीत असतं. सरावासाठी पेपर हवेत तर स्वतः बनवा: वय बदला, गाव नको, महिना पुढेमागे करा. मित्राने बनवलेला पेपर तुम्ही कोड करा, तुमचा त्याने करावा, आणि कोड जुळले नाहीत तर पहिला खंड उघडून त्या कोडखालच्या सूचना दोघांनी मिळून वाचा.